ध्वनिमुद्रित गीत आणि आपले छोटे गायन पथक

(वर्षावास कार्यक्रमात विद्यार्थी व गायन पथकातील सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाहेर पाऊस कोसळतो आहे. जव्हारचा पाऊस आपणा सर्वांना ठाऊक आहेच, तो बोलणाऱ्याचा आवाज खाऊन टाकतो. तेव्हा मागे बसलेल्यांनी पुढे सरकून घ्यावे, ही विनंती. मी काही संगीतज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. दिवसभर काउंटरवर पासबुके भरतो आणि संध्याकाळी हार्मोनियमचा भाता हलवतो, एवढीच माझी पात्रता. परंतु आपल्या संस्थेचे गायन पथक गेली काही वर्षे जे शिकले, ते कोणीतरी मांडून ठेवावे असे कार्यकारिणीला वाटले, म्हणून आज उभा आहे.

विषय साधा आहे. जे गाणे आपण कॅसेटवर, सीडीवर आणि आता मोबाईलवर ऐकतो, त्यात वीस-पंचवीस वाद्ये आणि आवाज असतात. आपल्याकडे माणसे सहा. मग ते गाणे जयंतीच्या मंचावर कसे उभे करायचे?

आधी एक चूक सांगतो. ती आमची स्वतःची आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यात मोखाडा तालुक्यातील एका गावी आमचा कार्यक्रम होता. त्या सुमारास आमच्या हाती पेन ड्राइव्ह आला होता. गायकाचा आवाज काढून टाकलेले आणि बाकी सगळी वाद्ये तशीच ठेवलेले तयार ट्रॅक बाजारात मिळतात, हे आम्हाला कळले होते. पेन ड्राइव्ह लावला की जणू मुंबईचा अख्खा स्टुडिओ मोखाड्यात! आम्ही हरखून गेलो. आमचे ढोलकीवाले काका गेली तीस वर्षे वाजवीत आले होते. त्यांना मी स्वतः सांगितले, "काका, यंदा ट्रॅक आहे. तुम्ही आराम करा, पाहुणे म्हणून या." हार्मोनियमही जव्हारलाच ठेवली. गाडीत जागा मोकळी झाली, याचे आम्हाला समाधान वाटले.

पहिली दोन गाणी उत्तम झाली. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात वीज गेली. ट्रॅक थांबला, माइक थांबला आणि आमचा गायकही थांबला. माइक नसल्याने तो थांबला असे कोणाला वाटेल, पण तसे नव्हते. चार महिने तो फक्त ट्रॅकबरोबर गात आला होता. कानात ट्रॅक नसताना त्याला सूर कुठून उचलायचा तेच समजेना. सूर द्यायला हार्मोनियम नाही, लय धरायला ढोलकी नाही. जनरेटर सुरू होईना. लोक अर्धा तास अंधारात बसले, मग लहान मुलांना कडेवर घेऊन एकेक जण उठून गेला. कित्येकजण दूरच्या पाड्यांवरून चालत आलेले होते.

काका मंचाच्या उजव्या बाजूला, पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेले होते. परतताना गाडीत त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "भाऊ, मला बोलावलं नसतं तरी चाललं असतं. पण ढोलकी गाडीत टाकायला काय भाडं पडत होतं?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दोन महिने काका तालमीला आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, पण ढोलकीचा विषय निघू दिला नाही. तिसऱ्या खेपेला मी गाण्यांची यादी घेऊन गेलो आणि म्हणालो, "काका, ही गाणी ट्रॅकशिवाय उभी करायची आहेत. कशी करायची ते मला कळत नाही." तेव्हा कोठे त्यांनी ढोलकी खुंटीवरून काढली. पुढे मी जे सांगणार आहे, त्यातले अर्धे त्यांचे आहे.

मित्रांनो, स्टुडिओतील गाणे मुळात कसे तयार होते, ते आधी समजून घेऊ. एकेकाळी गायक, वादक आणि कोरस असे सर्वजण एकाच वेळी बसत आणि सलग ध्वनिमुद्रण होई. एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. पुढे एकाच फितीवर अनेक पट्टे सोडून त्यावर वेगवेगळे आवाज भरण्याची सोय झाली. आज ढोलकी भरायची, उद्या बासरी, परवा गायकाचा आवाज. गोधडीत एकावर एक कापड घालून टाके मारतात, तसा हा प्रकार. आता संगणकामुळे पट्ट्यांना मर्यादाच उरलेली नाही.

यातून काही सुंदर गोष्टी घडल्या. 'बहारों के सपने' या १९६७ सालच्या चित्रपटात राहुलदेव बर्मन यांनी लता मंगेशकरांचा आवाज दोन थरांत वापरला. 'इजाजत' या १९८७ सालच्या चित्रपटात आशा भोसले यांच्याबाबतीत हाच प्रयोग त्यांनी केला. बाई एकच आणि ती स्वतःच्याच गाण्याला साथ देते आहे. स्टुडिओत हे शक्य आहे. मंचावर एका गळ्यातून दोन आवाज निघत नाहीत.

ही अडचण फक्त आपल्यासारख्या लहान पथकांना येते असे समजू नका. इंग्लंडचा जगप्रसिद्ध बीटल्स हा चार जणांचा वाद्यवृंद. त्यांनी आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला केला. श्रोत्यांचा गोंगाट, प्रवासाचा शीण अशी कारणे होतीच, पण स्टुडिओत ते जे थरावर थर रचू लागले होते ते चौघांनी मंचावर वाजविणे अशक्य झाले होते, हेही एक कारण होते. १९६७ सालचा त्यांचा गाजलेला 'सार्जंट पेपर' हा संग्रह चार पट्ट्यांच्या यंत्रावर थर चढवीत तयार झाला. क्वीन नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजी वाद्यवृंदाचे १९७५ सालचे एक गाणे फार गाजले. त्याच्या मधल्या भागात त्यांनी आपलेच आवाज कित्येकदा एकावर एक भरले होते. मंचावर तो भाग आला की ते मंच सोडून आत जात आणि तेवढा भाग टेपवर वाजविला जाई. तो संपताच पुन्हा बाहेर येऊन पुढचे गाणे स्वतः वाजवीत. म्हणजे जगातल्या मोठमोठ्यांनाही हा प्रश्न पडला आणि प्रत्येकाने आपापले उत्तर शोधले. आपणही आपले शोधू या.

आपल्या भीमगीतांच्या बाबतीत मात्र एक विशेष गोष्ट आहे, ती विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. आपली गाणी आधी मंचावर जन्माला आली आणि नंतर स्टुडिओत गेली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी जलसे काढले ते बाबासाहेबांच्या हयातीत, गावोगाव पायपीट करून. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ सालचा, सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. म्हणजे आपल्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातला. त्यांनी हजारो गाणी रचली आणि ती खेड्यापाड्यांतल्या मंचांवर गायिली. पेटी, ढोलकी आणि मागे झिलकरी, एवढ्यावर रात्रभर कार्यक्रम चाले. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज, विठ्ठल उमप यांची फिरत ही सारी अशाच मैफलींत घडली. नंतर कॅसेटचा काळ आला. गाणे घराघरांत पोहोचले, हे कॅसेटचे उपकार आपण विसरू नयेत. माझ्या लहानपणी वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा अर्धी वस्ती आमच्या ओट्यावर बसत असे. पण कॅसेट कंपन्यांनी विक्रीसाठी त्या गाण्यांवर वाद्यांचे थर चढविले. आणि आमच्या पिढीने ते थर म्हणजेच गाणे, असे मानले.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली एकाच वर्षी आपल्यातून गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावर असतानाच कोसळले. त्यांचे आवाज आज ध्वनिमुद्रणातच उरले आहेत. तेव्हा आपण थर काढतो म्हणजे गाण्याचा अपमान करतो, असे कोणी समजू नये. जुन्या गाण्यांच्या बाबतीत तरी आपण त्यांना त्यांच्या मूळ घरी परत नेत असतो.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो.

पहिली पायरी ऐकण्याची. एक गाणे निवडा आणि ते चार वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त शब्द. दुसऱ्या वेळी फक्त ताल, मांडीवर हात ठेवून. आपली बहुतेक गाणी केरव्यात असतात, आठ मात्रांत, त्यामुळे मोजणे कठीण नाही. तिसऱ्या वेळी, जेथे गायक थांबतो त्या मोकळ्या जागांत काय वाजते तेवढेच. चौथ्या वेळी इयरफोन एकाच कानाला लावून, आधी डावा आणि मग उजवा. पुष्कळ गाण्यांत एखादे वाद्य एकाच बाजूला ठेवलेले असते. दोन्ही कानांनी जे कळत नाही, ते एका कानाने सापडते.

दुसरी पायरी खतावणीची. हा माझ्या नोकरीचा गुण म्हणा. मी एक मोठा कागद घेतो. उभ्या रकान्यांत वाद्ये आणि आवाज, आडव्या ओळींत गाण्याचे भाग: सुरुवातीचा पीस, मुखडा, पहिला पीस, अंतरा, पुन्हा मुखडा, याप्रमाणे. जे वाजते त्यासमोर खूण. पहिल्या गाण्याची खतावणी आम्ही केली तेव्हा चौदा रकाने भरले. मुख्य आवाज, त्याचाच दुसरा थर, स्त्रियांचा कोरस, पुरुषांचा कोरस, ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड, बेस गिटार, व्हायोलिनचा ताफा, बेंजो, बासरी, सनई, खंजिरी आणि टाळ. माणसे सहा. तूट उघड दिसत होती.

तिसरी पायरी कात्री लावण्याची. येथे काकांनी एक कसोटी दिली, ती मला फार मोलाची वाटते. ते म्हणाले, "एकेक वाद्य मनातून काढा आणि घरात गुणगुणा. बायको ओळखते का बघा. ओळखलं, तर ते वाद्य दागिना होतं. नाही ओळखलं, तर ते हाड होतं." या कसोटीवर चौदांतली हाडे निघाली चार: मुख्य चाल, ढोलकीचा ठेका, सुरुवातीच्या पीसमधली बेंजोची एक लहानशी जागा आणि मुखडा उचलणारा कोरस. ती बेंजोची जागा जेमतेम दोन आवर्तनांची होती, परंतु ती वाजली की लोक गाणे ओळखतात आणि टाळी पडते. अशी ओळखीची जागा प्रत्येक गाण्यात असते. ती जशीच्या तशी ठेवावी, तेथे आपली कलाकुसर करू नये. बाकीच्या पीसमध्ये मोकळीक आहे. तीन पीस असतील तर एकच ठेवावा आणि तोच पुन्हा वाजवावा.

जाता जाता बेंजोची गंमत सांगतो. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते वाद्य मूळचे जपानी. तेथील नागोया शहरात १९१२ साली ताइशोगोतो नावाने ते तयार झाले, पुढे हिंदुस्थानात बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या वरातीत बेंजो झाले. हार्मोनियमही अशीच युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले होते, ते १९७१ सालापासून हळूहळू उघडले. त्या काळातही जलसेवाल्यांनी पेटी खांद्यावरून खाली ठेवली नाही. वाद्य कोठले, यापेक्षा ते कोणाच्या उपयोगी पडले, हे महत्त्वाचे.

चौथी पायरी वाटणीची. एका माणसाने दोन कामे करायची, पण तीन नाही. आमची वाटणी अशी झाली. व्हायोलिनच्या ताफ्याचे काम हार्मोनियमने करायचे. ताफा बहुधा लांब धरलेले सूर वाजवतो. हार्मोनियमवाल्याने अंतऱ्यात गायकाची प्रत्येक जागा बोटाने घेण्याचा मोह सोडून सूर धरून ठेवले की तोच भराव मिळतो. बेस गिटारचे काम कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने करायचे, फक्त सा आणि प, सम दाखविण्यापुरते. उजव्या हाताने बेंजोची जागा. ऑक्टोपॅड आणि तबला वगळायचे, ती भर ढोलकीच्या धुमीने निघते. खंजिरी आणि टाळ कोरसच्या दोन ताईंकडे. बासरी आणि सनई रजेवर.

गायकाच्या आवाजाचा दुसरा थर कसा आणायचा, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. स्टुडिओत तोच गायक तीच ओळ पुन्हा गातो, त्यामुळे आवाज भरदार वाटतो. आम्ही मुखड्याच्या फक्त शेवटच्या शब्दावर एका ताईंना त्याच सुरात मिसळायला सांगितले. सबंध ओळीवर मिसळले तर शब्द गढूळ होतात. शेवटच्या शब्दावर मिसळले की ऐकणाऱ्याला ओळच भरून आल्यासारखी वाटते. आपल्या भीमगीतांनी कव्वालीकडून टाळी घेतली आहे, तीही विसरू नका. चार जणांची एकसारखी टाळी हे बिनभांडवली वाद्य आहे.

पाचवी पायरी पट्टीची. कॅसेटवरच्या गायकाची पट्टी म्हणजे कायदा नव्हे. प्रल्हाद शिंदे यांच्या उंचीवर गाण्याच्या हट्टापायी आमच्या एका तरुणाचा घसा आठ दिवस बसला होता. आपल्या गायकाला सर्वांत वरची जागा आरामात लागेल, ती आपली पट्टी. मुलगी गाणार असेल तर पट्टी बदलेल आणि मग ढोलकीचे काय, असा प्रश्न येतो. दर गाण्याला ढोलकी उतरवणे-चढवणे शक्य नसते. येथे एक सोपा हिशेब आहे. ढोलकी काळी एकमध्ये लावलेली असेल आणि मुलगी काळी तीनमध्ये गाणार असेल, तर ढोलकीचा सूर तिच्या पंचमावर बसतो आणि कानाला खटकत नाही. म्हणून गाण्यांचा क्रम लावताना पट्ट्यांचाही विचार करावा.

लावण्याचा विषय निघाला म्हणून आठवते. सोण कोळिविस या भिक्खूची कथा आपण ऐकली आहे. तो पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे. अतिकष्टाने तो निराश झाला तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दलच विचारले. फार ताणली तर तार वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. उपदेश साधनेचा होता, पण तथागतांनी दाखला दिला तो वादकाच्या हातातला. स्टुडिओची हुबेहूब नक्कल करू गेलो की आपण तार ताणतो. काहीही चालेल म्हटले की ती सैल सोडतो.

सहावी पायरी सुरुवात आणि शेवटाची. कॅसेटवरची अनेक गाणी शेवटी हळूहळू लहान होत नाहीशी होतात. मंचावर तसे करता येत नाही. शेवट आपल्याला बांधावा लागतो. मुखडा तीन वेळा, तिसऱ्यांदा लय किंचित खाली आणि ढोलकीची तिहाई. हा शेवट गाण्याच्या आधी तालमीत पक्का करावा, कारण कार्यक्रम शेवटावरून लक्षात राहतो. तसेच स्टुडिओत गायक एकेक ओळ वेगळी गाऊ शकतो, त्यामुळे तेथे श्वासाला जागा लागत नाही. मंचावर लागते. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ती कोरसला द्यावी. गायकाला श्वास मिळतो आणि लोकांनाही गाण्यात शिरायला दार मिळते.

सातवी पायरी आवाजाच्या यंत्रणेची. खेड्यात बहुधा चारच माइक मिळतात. एक गायकाला, एक कोरसला, एक हार्मोनियमला, एक ढोलकीला. कीबोर्डची वायर थेट मिक्सरला जोडावी. कोरसने एका माइकभोवती अर्धगोल करावा आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांनी एक पाऊल मागे राहावे. माइकवाल्या दादांना नम्रपणे सांगावे की इको कमी ठेवा. बाबासाहेबांचे विचार शब्दांत आहेत, इकोत ते विरघळतात.

आणखी एक गोष्ट. मैदानाच्या टोकाला लावलेल्या कर्ण्याचा आवाज ऐकून कधीही ताल धरू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. कर्णा ३५ मीटर लांब असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. मध्यम लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर हा उशीर मात्रेच्या पाचव्या भागाइतका होतो. त्यामागे धावत गेलो की लय ढिली पडत जाते. म्हणून सर्वांनी ढोलकीच्या जवळ आणि ढोलकीकडे तोंड करून बसावे. शासनाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे, सवलतीचे दिवस सोडल्यास, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, हेही ध्यानी ठेवावे. दहा गाणी अर्धवट करण्यापेक्षा सहा गाणी नीट करावीत.

मित्रांनो, मी ट्रॅकच्या विरोधात आहे, असे कोणी समजू नये. तालमीसाठी तो उत्तम शिक्षक आहे. एखाद्या गाण्यात तो मंचावरही वापरावा. आमचा नियम एवढाच आहे: ट्रॅक असो वा नसो, हार्मोनियम आणि ढोलकी मंचावर असलीच पाहिजेत आणि वीज गेली तरी हाती घेतलेले गाणे पूर्ण झाले पाहिजे. एका माणसाच्या बळावर किती होऊ शकते, हे पाहायचे असेल तर कडुबाई खरात यांच्याकडे पाहावे. हातात एकतारी आणि स्वतःचा गळा, एवढ्यावर त्यांची भीमगीते मोबाईलवरून घराघरांत गेली. आणि आपल्या मातीत तर हा धडा फार जुना आहे. आपला जव्हार-मोखाडा परिसर बहुसंख्य वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी बांधवांचा. तारपा पाहा: भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडपत्राचा कर्णा. वाजविणारा श्वास न तोडता वाजवीत राहतो आणि सबंध नाच त्याच्या पावलांवर फिरतो. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याचे नाव पार दिल्लीपर्यंत गेले, ते असेच. बोहाड्यात मुखवट्यांची सोंगे नाचतात ती संबळ आणि सनईवर. यांना कधी कोणी विचारले नाही की तुमच्याकडे थर किती आहेत.

आपल्या काही गाण्यांत ढोलकीला जोड हवी होती, तेव्हा आम्ही शेजारच्या एका कोकणा बांधवांना संबळ घेऊन बोलावले. त्यांनी गाणे एकदा ऐकले, मान हलविली आणि अंतऱ्यापासून साथ धरली. अट एकच घातली की माइकवर त्यांच्या गावाचे नाव घ्यायचे. आम्ही ते घेतो. गीतकाराचे, संगीतकाराचे आणि मूळ गायकाचे नावही प्रत्येक गाण्याआधी घेतो. विद्यार्थ्यांनी ही सवय आतापासून लावून घ्यावी. ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव न घेता ते गाणे म्हणजे सहीशिवायचा धनादेश.

२०१८ सालच्या जयंतीला आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. लोक येतील की नाही, अशी मला धास्ती होती. आले, पण आदल्या वर्षापेक्षा कमी. चार गाणी झाली आणि पाचव्याला वीज पुन्हा गेली. एप्रिलचा महिना, वळवाचा वारा सुटलेला, नवल काहीच नव्हते. कर्णे बंद पडले. काकांची ढोलकी मात्र चालू राहिली. गायकाने आवाज चढविला, ताईंनी टाळ वाढविले. शेवटच्या रांगांपर्यंत गाणे पोहोचत नव्हते, हे मला दिसत होते. मग मागची माणसे उठली. मला वाटले, निघाली. ती पुढे येऊन मंचाला लागून बसली. बॅटरीच्या उजेडात आम्ही आणखी तीन गाणी केली. ती काही फार सुरेल झाली नाहीत. एका अंतऱ्यात मीच चुकलो. पण कोणी उठले नाही.

काकांचे हात आता थरथरतात. ते तालमीला येतात, पण वाजवीत नाहीत, शेजारी बसून मात्रा मोजतात. आज आपल्या पथकात ढोलकी वाजविते ती नववीतली मुलगी त्यांचीच शिष्या. २०१७ साली आम्ही काकांना "आराम करा" असे सांगून तसेच सोडून दिले असते, तर या मुलीला ढोलकी कोणी शिकविली असती? पेन ड्राइव्हने तर नक्कीच नाही. पथकात माणूस कमी केला की एक वाद्य जाते, एवढेच आपल्याला दिसते. त्याच्यामागे शिकायला येणारी दोन-तीन मुलेही जातात, हे दिसत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल जाते आणि व्याजही बुडते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या जयंतीसाठी तुमच्या आवडीचे एक गाणे निवडा, त्याची खतावणी मांडा आणि येत्या रविवारी तालमीला घेऊन या. कागद संस्थेकडून मिळेल. रकाने कितीही भरोत, घाबरू नका. हाडे शोधा, बाकीचे आपण मिळून बघू.



जयभीम. नमो बुद्धाय.